वाचक विचारतात: बोरन्हाण, तिळगूळ आणि घशात अडकणारा खाऊ

या वेळी टपालाने आणि व्हॉट्सअॅपवर आलेले निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत. संक्रांत तोंडावर आलीये, घरात वर्ष-दोन वर्षांचं बाळ आहे, त्याला काय द्यायचं आणि काय नाही. म्हणून जावळ, झोप, शी होत नाही वगैरे सगळे प्रश्न पुढच्या अंकात घेते, या वेळी फक्त खाऊ. २३ वर्षं मुलांना तपासतेय आणि मनापासून सांगते, या विषयावर मी कितीही वेळ बोलू शकते.

प्रश्न: डॉक्टर, माझी मुलगी १४ महिन्यांची आहे. गेल्या वर्षी अगदीच तान्ही होती म्हणून राहिलं, यंदा पहिलं बोरन्हाण आहे. सासूबाईंनी यादी केलीये, बोरं, उसाचे करवे, हरभरे, शेंगा, हलवा, रेवड्या, लिमलेटच्या गोळ्या, चॉकलेटं. चाळीसेक माणसं येणारेत. मला त्या बोरांची आणि गोळ्यांची भीती वाटतेय पण काही बोलले की "तुझं आपलं काहीतरीच" असं होतं. मी उगाच घाबरतेय का?
(एक आई, डोंबिवली)

उत्तर: उगाच नाही घाबरत तुम्ही. पण बोरन्हाण रद्दही करू नका, इतका गोड सोहळा आहे तो, फक्त ओतायचं काय आणि कसं एवढं बदलूया.

बोरन्हाणात नेमकं काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. बाळ पाटावर बसलंय, काळं झबलं, डोक्यावर हलव्याचा मुकुट, समोर दहा मोबाईल धरलेले, सगळे एकदम "इकडे बघ इकडे बघ" ओरडतायत आणि वरून कोणीतरी ओंजळ रिकामी करतं. बाळ काय करतं तर दचकतं, आणि दचकलेलं मूल आधी तोंड उघडून जोरात श्वास आत ओढतं आणि मग रडतं. तो आत ओढलेला श्वास मला नको असतो, कारण त्या वेळी तोंडात किंवा ओठाशी शेंगदाणा असेल, हरभरा असेल, गोळी असेल तर ती श्वासासोबत थेट आत जाते. एरवी गिळताना श्वासनलिकेवर झाकण पडतं तसं तेव्हा पडलेलं नसतं.

म्हणून ओतताना समोरून, तोंडावर नाही. मागून, खांद्यांवरून, थोडं थोडं, आणि एका वेळी एकाच बाईने. ओतायला चुरमुरे, झेंडू-शेवंतीच्या पाकळ्या, कागदातली मोठी बिस्किटं, लहान पुडे असलं घ्या, तेवढ्याने फोटोही सुरेख येतात. बोरं हवीच असतील (आणि बोरन्हाणात बोर नाही म्हटलं तर सासूबाईंना वाईट वाटणार, मलाही वाटेल) तर पाच मोठी बोरं ताम्हनात ठेवून ओवाळा, बाळाच्या अंगावर नको. लिमलेट, रेवड्या, शेंगा, सुटे हरभरे, उसाचे करवे हे सगळं जमलेल्या मोठ्या मुलांना वेगळ्या पिशवीत घालून हातात द्या, आणि तेही घरी जाताना. मोठी म्हणजे निदान चार-पाच वर्षांच्या पुढची, बसून चावून खाणारी.

आता हलव्याचे दागिने. हे कोणी विचारत नाही पण मला सांगायचंच आहे. हलवा म्हणजे तिळावर, साबुदाण्यावर, कधी शेंगदाण्यावर पाकाचे हात देऊन केलेला काटेरी कडक दाणा, आणि तो दोऱ्यात गुंफून बाळाच्या बरोब्बर हनुवटीखाली आपण लटकवतो. १४ महिन्यांचं मूल हाताला येईल ते तोंडात घालतं, हार ओढला की दाणे सुटतात. एकाने सलग नजर ठेवायची, ती आत्या असो मामी असो, पण एकीचं नाव ठरवून, कारण चाळीस माणसांत "कोणीतरी बघतंच असेल" असं प्रत्येकाला वाटत असतं. फोटो झाले की लगेच दागिने उतरवा. दोरा गळ्यात अडकण्याचीही भीती असते, दागिने घालून बाळाला झोपवायचं तर मुळीच नाही.

आणि सगळे गेल्यावर सोफा हलवून खाली झाडून घ्या. खरंच सांगते. सणाच्या दिवशी सगळ्यांचं लक्ष असतं, तिसऱ्या दिवशी रांगणाऱ्या बाळाला सोफ्याच्या पायापाशी शेंगदाणा सापडतो तेव्हा घरात कोणाचं लक्ष नसतं. चार वर्षांच्या ताई-दादालाही आधीच सांगून ठेवा की बाळाला तुझ्या हाताने काही भरवायचं नाही, आधी आईला विचार. ती मुलं प्रेमाने आपल्या तोंडातली अर्धी चघळलेली गोळी काढून बाळाला देतात, मी पाहिलंय.

सासूबाईंशी बोलायचं तर "हे नको ते नको" अशी सुरुवात करू नका. "आई, बाळाच्या जवळ तुम्हीच बसा, तुमच्याशिवाय मला दुसऱ्या कोणाचा भरवसा नाही" असं म्हणून नजर ठेवायचं काम त्यांनाच द्या. बऱ्याच घरांत याने फरक पडलेला बघितलाय मी. आणि हे पान त्यांना वाचायला द्या.

तिळगुळाचं काय, हेही विचारलंय दोघींनी. चिक्कीसारखी कडक वडी नको, अख्खे दाणे किंवा डाळं घातलेला कडक लाडूही नको. गूळपोळी करताच ना, तिचा मधला मऊ भाग तूप लावून किंवा दुधात कुस्करून चमचाभर द्या, सण तिलाही कळेल. मात्र चवीपुरतंच, दोन वर्षांपर्यंत वरची साखर-गूळ जितकं टाळाल तितकं चांगलं, तो दातांचा आणि सवयीचा वेगळा विषय आहे.

प्रश्न: माझी चार मुलं आणि सहा नातवंडं चिक्की, फुटाणे, पेपरमिंट खाऊन मोठी झाली, कोणाला काही झालं नाही. आता सून दीड वर्षाच्या नातवाला शेंगदाणासुद्धा देऊ देत नाही. परवा देवळात दिलेले साखरफुटाणे त्याच्या हातातून काढून घेतले, पोर रडून रडून लाल झालं. एवढं कशाला? आम्ही काय मुलं वाढवली नाहीत का?
(एक आजी, तासगाव)

उत्तर: आजी, नमस्कार. तुम्ही चार मुलं वाढवलीत, त्याही काळात जेव्हा ना गॅस होता धड ना डॉक्टर जवळ, त्यामुळे तुम्हाला शिकवायचं म्हणून हे लिहीत नाहीये. पण या एका बाबतीत मी तुमच्या सूनबाईंच्या बाजूने आहे, का ते सांगते.

नातवाच्या तोंडात एकदा बोट घालून बघा, हात धुवून. पुढचे दात असतील वरखाली, चार-आठ. पहिल्या दाढा साधारण वर्ष ते दीड वर्षाच्या सुमाराला डोकावतात, मागच्या दाढा यायला दोन-अडीच वर्षं लागतात. म्हणजे आत्ता तो शेंगदाणा पुढच्या दातांनी तोडू शकतो पण दळू शकत नाही. आपण दाणा दाढेखाली घेऊन त्याचा लगदा करतो, त्याच्याकडे ते जातंच नाही, दाणा दोन तुकडे होऊन मागे सरकतो. आणि दाढा आल्या म्हणजे लगेच चघळायची अक्कल आली असंही नाही, ती यायला चार वर्षं उजाडतात. त्याची श्वासनलिका केवढी असते, तर त्याची करंगळी बघा, साधारण तेवढीच. माझी-तुमची नव्हे, त्याची करंगळी. साखरफुटाणा गोल, कडक, वरून गुळगुळीत आणि लाळेने आणखी निसरडा झालेला, तो त्या नळीत जाऊन बसला तर बुचासारखा बसतो.

"कोणाला काही झालं नाही" हे तुमच्या घरात खरं आहे आणि देवाची कृपा आहे. पण जुन्या काळी घराघरांत "ठसका लागला आणि गेलं" अशी एखादी गोष्ट असायची, ती मुलं आपल्या मोजणीत नसतात. माझ्या आईच्या माहेरी चिंचोक्याने गेलेला एक मुलगा होता, त्याचं नाव घेतलं की आजी उठून आत जायची, इतकंच मला माहितीये त्याच्याबद्दल.

आणि दरवेळी जीव जातोच असं नाही, उलट बऱ्याचदा काय होतं तेच मला तुम्हाला सांगायचंय. काही वर्षांपूर्वी पावणेदोन वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आणला होता. तीन आठवडे खोकला, मधेच घरघर, दोन ठिकाणी दाखवून झालेलं, बाळदमा म्हणून वाफ चालू होती, एक्सरे ठीक होता. छातीला स्टेथो लावला तर डावीकडे हवा छान जात होती आणि उजवीकडे एकदम कमी, शिट्टीसारखा आवाज फक्त एकाच बाजूला. मी आईला विचारलं, खोकला ज्या दिवशी सुरू झाला त्या दिवशी काय चाललं होतं घरात? ती म्हणाली काहीच नाही. मग मागे उभ्या असलेल्या आजी हळूच म्हणाल्या, त्या दिवशी आम्ही शेंगा सोलत बसलो होतो, हा मधे मधे करत होता, एकदा मोठा ठसका लागला, जरा निळसर झाला, पाठीवर थोपटलं, मग थांबलं आणि खेळायला लागला. त्या बाईंनी हे तीन आठवडे कोणाला सांगितलं नव्हतं कारण त्यांना वाटलं आपल्यावर येईल. पोराला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, भूल देऊन दुर्बिणीने काढलं, अर्धा शेंगदाणा निघाला, ओलाव्याने फुगलेला, मऊ पडलेला. शेंगदाणा एक्सरेत दिसत नाही, आत गेला की त्यातल्या तेलाने नळीला सूज येते, आणि पहिला ठसका थांबला की काही दिवस मूल अगदी बरं दिसतं, म्हणून फसगत होते. उजव्या बाजूची नळी जरा रुंद आणि सरळ असते म्हणून बरेचदा वस्तू तिकडे जाते.

त्या आजी माझ्या समोर रडल्या. मी त्यांना म्हटलं तुम्ही बोललात म्हणून निदान कळलं, नाहीतर आणखी किती दिवस वाफ देत बसलो असतो. त्यामुळे हे वाचणाऱ्या सगळ्या आज्यांना, मावश्यांना, सांभाळणाऱ्या ताईंना हात जोडून सांगते, मुलाला खाताना किंवा खेळताना मोठा ठसका लागून गेला असेल आणि नंतर खोकला राहिला असेल तर ते लपवू नका, डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा. कोणी रागावणार नाही, आणि रागावलं तरी सांगा.

शेंगदाणा बंद करा असं मी म्हणतच नाहीये. कूट करा, बारीक, भाजीत घाला, भाकरीवर तेलासोबत लावा, पातळ चटणी करा, हवं ते करा. अख्खा आणि अर्धा नको, एवढंच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० मध्ये याच विषयावर एक निवेदन काढलं होतं, त्यात कडक गोळ्या, दाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं, च्युइंगगम असे पदार्थ लहान मुलांसाठी धोक्याचे म्हणून मोजलेत, आणि चार वर्षांपर्यंत ते टाळा असं तिथले डॉक्टर आईबापांना सांगतात. आपल्याकडे त्यात फुटाणे, साखरफुटाणे, सुपारी, चिंचोके, सीताफळाच्या बिया, बोराची बी, खडीसाखरेचे मोठे खडे हे धरा.

तुम्ही तासगावच्या म्हणून द्राक्षाचं वेगळं सांगते, थोड्याच दिवसांत घरात पेट्या येतील. अख्खं द्राक्ष दीड वर्षाच्या मुलाला अजिबात नको. आडवं कापून दोन चकत्या केल्या तरी ती गोलच राहते, उभं कापा आणि चार फोडी करा. बेदाणे चिकट असतात, ते भिजवून बारीक चिरून शिऱ्यात घाला. देवळातला प्रसाद नाकारायचा नसतो हे मलाही मान्य आहे, तो तुम्ही घ्या, नातवाच्या कपाळाला लावा आणि त्याला घरून नेलेला पेढा कुस्करून द्या.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीला असतो, मुलगा सव्वादोन वर्षांचा. सुट्टीत पुण्याला आलोय. इथे कोपऱ्यावरच्या दुकानात छोट्या कपातल्या जेली लटकवलेल्या असतात, मुलाला त्या हव्याच असतात, मऊ तर आहे म्हणून घरचे देतात. मऊ गोष्टीने पण चोकिंग होतं का? आणि लॉलीपॉपला काडी असते मग ते सेफ ना?
(एक बाबा)

उत्तर: मऊ म्हणून सेफ, असं नसतं. तो छोटा कप आपण तोंडाला लावून दाबतो आणि चोखतो, जेली एकदम सुटून थेट घशात जाते, जिभेला काही करायला वेळच मिळत नाही. ती सहज चावली जात नाही, आणि श्वासनलिकेच्या तोंडाशी बसली की त्या जागेचा आकार घेते, हवेला फट उरत नाही. जपानमध्ये कोन्याकु नावाच्या कंदापासून केलेल्या अशा जेलीने लहान मुलं आणि म्हातारी माणसं दगावलीयत. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, २००१ मध्ये त्याबद्दल इशारा दिला, युरोपियन युनियनने आधी कोन्जॅक (म्हणजे तोच कोन्याकु) आणि मग २००४ मध्ये जेली घट्ट करणारे इतर काही पदार्थही या छोट्या कपांत घालायला मनाई केली. एवढ्या देशांनी उगाच नाही केलं हे. म्हणून सव्वादोन वर्षांच्या मुलाला ती कपातली जेली नको, अजिबात. फार हट्ट केला तर घरी आगर-आगर (चायना ग्रास) घालून पसरट ताटलीत सेट करा, सुरीने बारीक तुकडे, चमच्याने, बसून. मार्शमेलोचंही तेच, लाळ लागली की फुगतो आणि चिकटतो.

लॉलीपॉपची गोळी काडीवरून सुटते, आणि काडी तोंडात घेऊन पळताना पडलं तर टाळूला भोसकते, ते दुसरंच दुखणं. चारच्या आत नको.

एक गोष्ट मला कायम खटकते. खेळण्याच्या खोक्यावर "तीन वर्षांखालच्या मुलांसाठी नाही" अशी खूण असते, सुटे भाग तपासायला साधारण ३२ मिलिमीटर व्यासाची नळी असते, त्यात मावला तर तो भाग लहान मुलाला चालत नाही. आपल्याकडेही १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झालाय. आणि त्याच नळीत आरामात मावेल अशी गोळी, जी आपण मुद्दाम तोंडात घालायलाच देतो, तिच्या पाकिटावर अशी सूचना माझ्या तरी पाहण्यात नाही.

प्रश्न: मी अंगणवाडी सेविका आहे. २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की गावातली माणसं मुलांना गोळ्या-चॉकलेट वाटतात, वाढदिवसालाही पालक तेच आणतात. माझ्याकडे तीन ते सहाची मुलं आहेत पण बारकी भावंडं पण कडेवर येतात. नको कसं म्हणू? आणि कोणाच्या घशात अडकलंच तर काय करायचं ते नीट सांगा, आमच्या गावाला अॅम्ब्युलन्स यायला वेळ लागतो.
(एक ताई, अकोले तालुका)

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ते कडेवरचं भावंड तुमच्या नजरेतून सुटलं नाही हे वाचून फार बरं वाटलं.

वाटायचंच असेल तर केळं वाटायला सांगा, एका गोळ्यांच्या पिशवीच्या पैशात फार काही फरक पडत नाही. मऊ राजगिऱ्याची वडी बोटाने चुरता येते, ती मोठ्यांना चालेल, बिस्किटाचा पुडा चालेल. सरपंचांना किंवा जो कोणी वाटतो त्याला आधी दोन दिवस भेटून सांगा, त्या दिवशी सगळ्यांसमोर नको, माणसाला अपमान वाटतो. आणि मिळालेला खाऊ रांगेत, पळत, प्रभातफेरीत "जय"च्या घोषणा देत खायचा नाही, बसून खायचा. ओरडणं, हसणं, पळणं, आडवं पडणं आणि रडणं, या पाच वेळा तोंडात काही असायलाच नको. रडणाऱ्या मुलाला गप्प करायला आपण गोळी देतो ना, तीच सगळ्यात वाईट वेळ, कारण हुंदका म्हणजे आत ओढलेला श्वासच. माझ्याही दवाखान्यात टेबलावर गोळ्यांची बरणी होती, इंजेक्शन झालं की हुंदके देणाऱ्या मुलाला एक. त्या शेंगदाण्यानंतर मी ती बरणी काढून टाकली, आता हातावर शिक्का मारते, फुलपाखराचा, मुलं शिक्क्यासाठी दुसरा हात पण पुढे करतात.

आता अडकलं तर काय. हे नीट वाचा आणि मदतनीस ताईंनाही वाचून दाखवा.

आधी बघा, मूल खोकतंय का. खोकतंय, आवाज येतोय, रडतंय, तोंड लाल झालंय म्हणजे हवा चाललीये, त्याला खोकू द्या, पुढे वाकवून बसवा आणि जवळ थांबा. तोंडात बोट घालायचं नाही. आपल्याकडे सवय आहे डोक्यावर थापट्या मारून "वर बघ, चिमणी बघ" म्हणायची, तसं मान वर करायला लावू नका, पाणी पाजू नका, केळ्याचा घास किंवा भाताचा गोळा देऊन खाली ढकलायचा प्रयत्न करू नका, पाय धरून उलटं टांगू नका.

खोकला निघत नाहीये, आवाजच बंद झालाय, तोंड उघडं आहे पण काही ऐकू येत नाही, ओठ निळे पडतायत, तर नळी बंद झालीये. खरं गुदमरणं आवाज न करता होतं, म्हणून कोपऱ्यात गप्प झालेल्या मुलाकडे आधी बघायचं. एकीने लगेच १०८ ला फोन लावून स्पीकरवर ठेवायचा, दुसरीने हात लावायचा, वाट बघायची नाही, कारण मेंदूला प्राणवायूशिवाय चारेक मिनिटंच निभतं.

मूल वर्षाच्या वरचं असेल तर त्याच्या मागे गुडघ्यावर बसा, एका हाताने छातीला आधार देऊन त्याला पुढे वाकवा आणि दुसऱ्या तळहाताच्या टाचेने, म्हणजे मनगटाजवळच्या भागाने, दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांच्या मधोमध पाच जोरदार फटके. थोपटणं नाही, फटके. नाही निघालं तर मागूनच दोन्ही हात पोटाभोवती घ्या, एका हाताची मूठ बेंबीच्या वर पण बरगड्यांच्या मधल्या हाडाच्या खाली, दुसरा हात मुठीवर, आणि आत व वर असा झटका, पाच वेळा. मग पुन्हा पाच फटके, पुन्हा पाच झटके, निघेपर्यंत किंवा मूल बेशुद्ध होईपर्यंत. पोटाचे झटके हाइमलिच नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९७४ मध्ये सांगितले, त्याच्याच नावाने ते ओळखले जातात.

वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर दाब कधीच द्यायचा नाही, आतले अवयव नाजूक असतात. त्याला आपल्या हातावर पालथं घ्या, जबड्याला बोटांचा आधार, डोकं छातीपेक्षा खाली, आणि पाठीवर पाच फटके. मग उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, एका तळहाताच्या टाचेने पाच दाब. पुन्हा पालथं, पुन्हा उताणं.

मूल ढिलं पडलं, शुद्ध गेली तर कडक जमिनीवर उताणं झोपवा आणि छाती दाबायला सुरुवात करा, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल, भराभर, ३० वेळा, मग तोंडात बघा, वस्तू डोळ्याला दिसली तरच बोटाने काढा, नाही दिसली तर आंधळेपणाने चाचपू नका, आणखी आत जाते. मग दोन श्वास तोंडाने द्या आणि परत ३० दाब, मदत येईपर्यंत थांबायचं नाही. आणि वस्तू निघाली, मूल रडलं, सगळं ठीक वाटलं, तरी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा, पोटावर झटके दिले असतील तर नक्कीच, आणि एखादा तुकडा आत राहिला असेल तरी ते कळायला हवं.

वाचून हात बसत नाही, हे मात्र खरं. सेंट जॉन अॅम्ब्युलन्स आणि रेड क्रॉस फर्स्ट एडचं शिक्षण देतात, तुमच्या पर्यवेक्षिकाबाईंकडे बीटमधल्या सगळ्या सेविकांसाठी एक दिवस मागून घ्या, किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना मासिक बैठकीत तासभर बोलवा. उशीवर किंवा कापडी बाहुलीवर करून बघा, जिवंत मुलावर सरावाला झटके द्यायचे नाहीत.

प्रश्न: तीन वर्षांच्या मुलीने लिमलेटची गोळी अख्खी गिळली. एकदाच खोकली आणि आता खेळतेय. पोटात अडकेल का? केळं देऊ का?
(एक आई, मडगाव)

उत्तर: पोटात गेली असेल तर साखर आहे, विरघळून जाईल, केळं-बिळं काही नको. ती नीट बोलतेय, लाळ गाळत नाहीये, पाणी पिताना दुखत नाहीये, श्वासाला आवाज नाही, मग बरी आहे. पण पुढचे काही दिवस खोकला किंवा घरघर सुरू झाली तर वर लिहिलेल्या शेंगदाण्याची आठवण ठेवा आणि डॉक्टरला ही गोळीची गोष्ट सांगा. आणि गोळी नसून रिमोटमधली किंवा गाणाऱ्या खेळण्यातली चपटी बटण बॅटरी गिळल्याची नुसती शंका जरी आली, तर मूल खेळत असलं तरी त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा, दोन तासांतही ती अन्ननलिका जाळते.